‘विचारून सांगतो’ एवढे तरी म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील जांबोटी भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींची संध्या सुरक्षा पेन्शन (कर्नाटक सरकारची वृद्धांसाठीची पेन्शन) चार महिने खात्यावर आली नाही. त्या एका कार्यालयात गेल्या. खिडकीतून उत्तर आले, ‘बँकेत जा.’ बँकेत सांगितले, ‘तिकडूनच पैसे आलेले नाहीत.’ दोन्हीकडे छातीठोकपणे सांगितले आणि दोन्हीकडे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. महिलांना मोफत बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळे आजींना बसचे तिकीट पडत नाही हे खरे, पण ऐन रोप लावणीतले दोन दिवस गेले ते गेलेच.

तिसऱ्या खेपेला संगणकावर बसलेला एक तरुण म्हणाला, ‘आजी, हे मला माहीत नाही. बसा जरा, विचारून सांगतो.’ त्याने दोन फोन केले. सरकारी अनुदान आधारवर येते तेव्हा ते शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. आजींनी मध्यंतरी बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खाते काढले, तिथे आधार जोडले गेले होते. चारही महिन्यांची रक्कम तिथे पडून होती!

मी स्वतः ३० वर्षे बचत खात्यांच्या खिडकीवर बसलो आहे. ‘माहीत नाही’ म्हणायला माझीही जीभ रेटत नसे. खुर्चीत बसलेल्याला सगळे यायलाच हवे, असे वाटायचे. एका विधवा बाईंना मी अंदाजाने कोर्टाचा वारसा दाखला आणायला सांगितला. त्यांनी वकील गाठला, पैसे भरले. नंतर खाते उघडून पाहिले, तर नॉमिनी म्हणून त्यांचेच नाव लागलेले. मृत्यू दाखला, पासबुक आणि क्लेम फॉर्म एवढ्यावर काम झाले असते. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते आजही डाचते.

सीमाभागात याची झळ जास्त बसते. अर्ज कन्नडमध्ये, माणूस मराठी. उलट प्रश्न विचारायला त्याच्याकडे भाषा नसते, म्हणून मिळेल ते उत्तर तो खरे धरून चालू लागतो. हात झटकून म्हटलेले ‘गोत्तिल्ल’, म्हणजे माहीत नाही, ऐकून मुकाट्याने परततो. त्यालाच कुणी ‘तडिरी, केळि हेळ्तेनि’, म्हणजे थांबा, विचारून सांगतो, असे म्हटले, तर तो तासभरही बाकावर निवांत बसेल.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ६(३) नुसार चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज त्या कार्यालयाने ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. कागदाला जी सोय आहे, ती खिडकीपुढे उभ्या माणसालाही मिळावी. ठाऊक नसेल तर तसे सांगावे, विचारावे आणि कुठे जायचे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. वरिष्ठांनीही विचारायला आलेल्या कर्मचाऱ्यावर डाफरू नये. खालचा माणूस अंदाजाने ठोकून देतो तो बहुधा त्या भीतीनेच.

त्या तरुणाने बँकेचे नाव मराठीत लिहून दिले होते. आजींनी ती चिठ्ठी अजून पासबुकात जपून ठेवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कर्मचारी,
जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव