धुरकट मसाल्याविषयी मित्रास पत्र

सोलापूर,
दि. १८ डिसेंबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. गच्चीसाठी झाकणाची शेगडी घेतलीस, हे वाचून फार आनंद झाला. कोंबडी मात्र बाहेरून काळी पडली, हाडाशी कच्ची राहिली आणि मसाला कडवट लागला, हे वाचून वाईट वाटले. महिनाअखेरीच्या रविवारी तुझ्याकडे मंडळी जमणार आहेत, त्यांतली निम्मी शाकाहारी आहेत आणि बाटलीतला परदेशी धुरकट मसाला संपत आला आहे. तेव्हा तसा मसाला घरी कसा करावा, तो मटणाला, कोंबडीला आणि येता-जाता तोंडात टाकायच्या पदार्थांना कसा लावावा, असे तू विचारले आहेस. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. पदार्थात धूर दोन वाटांनी येतो, एक मसाल्यातून आणि दुसरा विस्तवातून. धुराची चव यावी म्हणून आपण शेगडी भडकवतो, दाट धूर कोंडतो, आणि त्यात मिरची जळून जाते. मसाल्यातच धूर आधी मुरलेला असेल, तर विस्तवाकडून फार काही मागावे लागत नाही आणि तो मंद ठेवता येतो. तुझी कोंबडी बिघडली त्याचे कारणही मला बाटलीतच दिसते. अमेरिकी पद्धतीच्या अशा मसाल्यांत बहुधा तपकिरी साखर असते, कारण तिकडे मोठा मांसखंड ११०–१२० अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेवर कित्येक तास ठेवतात आणि त्या उष्णतेला साखर जळत नाही. तोच मसाला आपण धगधगत्या निखाऱ्यांच्या डोक्यावर नेला, तर आतले मांस शिजण्याच्या कितीतरी आधी साखर आणि मिरची दोन्ही काळी पडतात.

त्या बाटलीतली धुरावलेली लाल मिरची स्पेनच्या पद्धतीची असणार. स्पेनच्या पश्चिमेला एस्त्रेमादुरा प्रांतात ला व्हेरा नावाचे खोरे आहे. तिथे मिरची शरद ऋतूत तोडणीला येते आणि नेमकी तेव्हाच हवा पावसाळी व ओलसर असते, त्यामुळे ती उन्हात वाळत नाही. म्हणून ती माळ्यावर पसरून खाली ओकच्या लाकडाचा मंद विस्तव ठेवतात आणि दहा-पंधरा दिवस हाताने खालीवर करीत धुरावर सुकवतात. मेक्सिकोतली चिपोत्ले म्हणजे पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची. ती अंगाने जाड असल्यामुळे उन्हात नीट वाळत नाही, म्हणून तिलाही धूर द्यावा लागतो. आपल्याकडच्या उन्हाबद्दल तुला सांगायला नको. सोलापूरच्या गच्चीवर एप्रिलात पसरलेली मिरची चार दिवसांत खुळखुळू लागते, तेव्हा तिला धुरावर धरण्याची गरज कुणाला पडावी?

तरीही धुरावर वाळवलेला एक जिन्नस आपल्या मसाल्याच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या बसून आहे, आणि तो म्हणजे मसाला वेलची. सिक्कीमच्या डोंगरांत तिची तोडणी ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या सुमारास होते, तिथेही त्या दिवसांत ऊन भरवशाचे नसते, म्हणून ती लाकडाच्या भट्टीवर सुकवण्याची जुनी रीत आहे. एक मसाला वेलची दोन बोटांत चिरडून नाकाशी धर. आधी कापरासारखा थंड वास येईल आणि त्याच्या मागोमाग विझलेल्या चुलीचा. हा धूर सालीत जास्त असतो, म्हणून दाणे काढून साल फेकून देऊ नकोस, सालीसकट कूट. तिच्या जोडीला दगडफूल घे. ते धुरावलेले नसते, पण तव्यावर जरा गरम केले की त्याला मातीचा, लाकडाचा असा काही वास सुटतो की धुराची चव त्यावर नीट टेकते.

आता प्रमाण सांगतो. ब्याडगी मिरची पन्नास ग्रॅम, धने पंचवीस, जिरे पंधरा, मिरे दहा, मसाला वेलच्या पाच, दगडफूल चिमूटभर, आणि लसणाच्या पातळ चकत्या उन्हात कडक वाळवून त्या मूठभर. तिखट हवे असेल तर लवंगी मिरची आपल्या अंदाजाने वाढव, पण ब्याडगी कमी करू नकोस. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याच्या या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती तिखटाला बेताची आणि रंगाला गडद असते, त्यामुळे मसाला भरपूर चोळता येतो आणि तोंड भाजत नाही. आमच्याकडे ती सीमेपलीकडून सहज येते, पुण्यातही मिळेल. मिरची भाजायची नाही, नुसती कोमट तव्यावर फिरवून कुरकुरीत करायची. शेगडीवर ती पुन्हा भाजली जाणारच आहे. बाकीचे जिन्नस वास सुटेपर्यंत परतायचे आणि सगळे एकत्र रवाळ कुटायचे. अगदी बारीक पूड केली तर ती लवकर जळते. एवढा मसाला चार किलो मटणाला पुरतो.

घरचे काळे तिखटच का चोळू नये, असे तू म्हणशील. रश्शासाठी त्याच्यासारखे दुसरे काही नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्यात तळलेला कांदा आणि सुके खोबरे असते आणि ती दोन्ही आधीच गडद भाजलेली असतात. निखाऱ्यावर ती पुढे जळतात आणि खोबऱ्याला खवट कडूपणा येतो. मटण शेगडीवरून उतरल्यावर वरून चिमूटभर भुरभुरलेस, तर मात्र बहार येते.

पूर्ण धुरावलेली मिरची हवीच असेल, तर ती हिवाळ्यात घरी करता येते. या दिवसांत मंडईत पिकलेली लाल ओली मिरची येते. ती उभी चिरून, स्वयंपाक आटोपल्यावर शेगडीच्या गार बाजूला जाळीवर मांडायची, निखाऱ्यांवर लाकडाची एखादी ढलपी टाकायची, झाकण घालून दोन-तीन तास धुरात ठेवायची आणि मग उन्हात पूर्ण वाळवायची. यासाठी वाळलेली मिरची चालत नाही, कारण धुरातली वास देणारी द्रव्ये ओल्या पृष्ठभागावर चांगली बसतात आणि कोरड्यावरून निसटून जातात. मांसाचेही तेच आहे. ते थंड आणि दमट असताना धूर जास्त घेते, म्हणून धूर द्यायचा तो सुरुवातीलाच.

मसाल्यात मीठ घातलेले नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. ते मी जाणूनबुजून वेगळे ठेवतो. किलोभर मांसाला पंधरा ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून फ्रीजमध्ये उघडे ठेव. मीठ आधी पाणी बाहेर ओढते, त्या पाण्यात विरघळते आणि रात्रभरात पुन्हा आत शिरते. सकाळी मांस वरून कोरडे आणि आतपर्यंत खारवलेले मिळते. शेगडीवर चढवण्याआधी तासभर शेंगतेलाचा हलका हात फिरवून मसाला चोळायचा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. पाव तासाने पाहिलेस तर भुरभुरीत दिसणारी पूड गडद, ओलसर होऊन मांसाला घट्ट धरून बसलेली दिसेल. तशी झाली की तिला पुन्हा हात लावायचा नाही.

आता विस्तव. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती बसलेला कुणीही सांगेल की कणसे ज्वाळेत भाजत नाहीत, गोवऱ्यांच्या आरात भाजतात. इथेही तोच नियम आहे. कोळसे पेटून त्यांच्यावर पांढरी राख धरली की ते सगळे शेगडीच्या एका बाजूला सारायचे आणि दुसरी बाजू मोकळी ठेवायची. पदार्थ मोकळ्या बाजूला ठेवून झाकण लावायचे. तिथे तो उष्ण हवेवर शिजतो आणि चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडत नाहीत. थेंब पडला की चर्र आवाज होऊन भपकन ज्योत उठते आणि तिची काजळी थेट मांसावर बसते. ही काजळी म्हणजे धुराची चव नव्हे आणि ती प्रकृतीलाही चांगली नाही. जाळीपासून वीतभर वर तळहात धरून पाहा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच कडक, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम. धूर पातळ, निळसर असावा. दाट पांढरा निघत असेल तर लाकडाला हवा पुरत नाही. झडप थोडी उघड.

लाकडाविषयी मात्र मला जरा लांबण लावू दे, कारण आमच्या भागाचे भाग्य इथे आहे. माळरानावर, ओढ्याकाठी, उजनीच्या काठाने जी वेडी बाभूळ माजली आहे आणि जिला शेतकरी शिव्या घालतात, ती टेक्सासमध्ये मांस भाजण्यासाठी नावाजलेल्या मेस्कीटची सख्खी बहीण आहे. दोघी एकाच प्रजातिगटातल्या. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिका खंडाकडून आपल्याकडे आणली गेली आणि इथल्या कोरड्या जमिनीत पसरली. तिचा कोळसा कडक आच देतो आणि बराच वेळ टिकतो. कोळसा न केलेल्या लाकडाचा धूर मात्र उग्र असतो. तो चाप किंवा कोंबडीसारख्या लवकर होणाऱ्या पदार्थाला थोडाच द्यावा. लांबणाऱ्या मटणाला पेरूचे किंवा आंब्याचे वाळके लाकूड सौम्य पडते. कडुनिंब नको, आणि रंग दिलेले लाकूड किंवा प्लायवूडचे तुकडे तर मुळीच नकोत.

कोंबडीच्या तंगड्या मोकळ्या बाजूला मध्यम आचेवर पाऊण तासाच्या आत होतात, आणि मग मिनिटभर निखाऱ्यांवर धरून वरून खरपूस करायच्या. सुईचा तापमापक अवश्य घे, अंदाजावर राहू नकोस. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमाप्रमाणे कोंबडीचा गाभा ७४ अंशांवर आणि खिमा ७१ अंशांवर जायला हवा. हाडाजवळ सुई टोचून पाहिलेस तर तुझी जुनी तक्रार राहणार नाही. गोडसर चकाकी हवी असेल तर गूळ आणि चिंचेचा कोळ शेवटच्या पाच मिनिटांत लाव, त्याआधी नाही.

बोकडाचे मटण वेगळ्या स्वभावाचे. आमच्याकडे उस्मानाबादी जातीच्या शेळ्या असतात. मटण रुचकर, पण चरबी मांसात विखुरलेली नसते, त्यामुळे कडक आचेवर ते चिवट होते. कोवळ्या बोकडाची चाप घेतलीस तर किलोला चमचाभर कच्च्या पपईचा कीस अर्धा तास लावून पुसून टाक आणि मग मसाला चोळ. पपई जास्त वेळ ठेवलीस तर मांस वरून पिठूळ होते. खांदा घेतलास तर घाई उपयोगाची नाही. त्यातले चिवट तंतू ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळू लागतात आणि त्याला कित्येक तास लागतात. पहिले दोन तास उघडा धूर दे, मग जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या रश्शासह घट्ट झाकून तसाच शेगडीवर ठेव, हाड हाताने ओढून निघेपर्यंत. विजापूर वेशीकडे संध्याकाळी शिगांवर भाजलेले मटण तू माझ्याबरोबर खाल्ले आहेस. त्या मंडळींचा हात पंख्यावर असतो, निखारा कधी फुलवायचा आणि कधी शांत ठेवायचा हे त्यांना कळते, आणि ते नुसते पाहत उभे राहूनही पुष्कळ शिकता येते.

शाकाहारी मंडळींसाठी स्वतंत्र जाळी ठेव आणि त्यांचे पदार्थ आधी कर, म्हणजे कुणाला संकोच होणार नाही. पनीर धूर फार लवकर घेते, त्याला सात-आठ मिनिटे पुरे. छोटे बटाटे मिठाच्या पाण्यात उकडून, तेल-मसाल्यात घोळून निखाऱ्याजवळ ठेवावेत. शेंगदाणे मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून निथळावेत, मसाला लावून भोकाच्या ताटलीत पसरावेत आणि झाकणाखाली मंद आचेवर, मधूनमधून हलवत, खमंग होऊ द्यावेत. मला स्वतःला सर्वांत आवडते ती कडक भाकरी. आमची ज्वारीची पापडासारखी पातळ, वाळवलेली भाकरी हाताने मोडायची, तुकड्यांना शेंगतेल पुसायचे, मसाला आणि मीठ भुरभुरायचे आणि जाळीवर दोन मिनिटे ठेवायचे. ज्वारीचा गोडवा, मसाला वेलचीचा धूर आणि मिरचीचा रंग असे तिन्ही त्यात स्वच्छ कळतात. सोबत घट्ट दही आणि शेंगाचटणी असली की पाहुणे मटणाची वाट पाहत नाहीत.

पावसाने किंवा शेजाऱ्यांच्या तक्रारीने गच्चीवरचा बेत रद्द झालाच, तर ओव्हनमध्ये शिजवून धुंगार दे: पातेल्यात कांद्याच्या पापुद्र्यावर लाल निखारा, त्यावर तुपाचे थेंब, आणि पाच मिनिटे घट्ट झाकण. मात्र थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी खोलीत किंवा बंद बाल्कनीत कधीही आणू नकोस. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो. मुलांनाही हे सांगून ठेव.

भाचा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमच्या वाण्याकडची सालीसकट मसाला वेलची पाठवतो. ब्याडगी तिथेच घे, पण देठ हिरवट आणि साल सुरकुतलेली पाहून घे. बेत कसा झाला ते लगेच कळव, आणि खांदा किती तासांत झाला ते आवर्जून लिही, कारण तुझ्या शेगडीचा आकार पाहता तो माझ्यापेक्षा लवकर होईल असा माझा अंदाज आहे.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधुकर