दहा सिटिंग कोणाच्या खांद्याला पुरतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला फिजिओथेरपीवरचा लेख वाचला. रात्रीच लिहिणार होते, पण राग जरा निवू दिला. ‘दहा सिटिंगमध्ये वेदनांना रामराम’ हे शीर्षक कोणी दिलं? त्यांचा एकदा खांदा आखडावा, असं मी म्हणणार नाही. शिक्षिका आहे.

मला शुगर आहे. शुगरवाल्यांना फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा दुखून आखडणं, जास्त होतो, हे खांदा धरल्यावर कळलं. फळ्यावर वर तारीख लिहिता येईना, वेणी घालता येईना, त्या कुशीवर झोपणं तर बंदच. एका सेंटरवर गेले. आधी दहा सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. हात कुठवर उचलतो, मागे किती जातो, हे कोणी पाहिलंसुद्धा नाही. खांद्यावर चकत्या चिकटवल्या, करंट सुरू केला, वर शेकाची पिशवी टाकली आणि पोरगी मोबाईल घेऊन बाहेर. व्यायामाचं विचारलं तर म्हणे, “मॅडम, आधी दुखणं तर बसू द्या.” एक दिवस मधेच लाइट गेली. मशीन बंद, पंखा बंद, मी चकत्या लावून घामाघूम. लाइट काही आली नाही, पण कार्डावर त्या दिवशीची सिटिंग मात्र लागली! विचारलं तर, “शेक तर मिळाला ना मॅडम?” आम्ही शाळेत अशी हजेरी लावली असती तर चौकशी बसली असती.

पुढे दुसरीकडे गेले. तिथल्या मॅडमनी आधी हात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि तोंडावर सांगितलं, “ताई, याला वर्ष लागेल, कधी दोन-अडीचही लागतात. आधी दुखतो, मग आखडतो, मग सावकाश सुटतो.” दुखणं जोरात असताना ओढाताण करायची नाही. व्यायामानंतर थोडं ठसठसलं तर घाबरायचं नाही, पण दुसऱ्या दिवशीही तेवढंच राहिलं तर व्यायाम कमी करायचा. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, वाकून हात सैल सोडून झुलवायचा, आणि हे घरी, रोज. शेक त्याही द्यायच्या, पण व्यायामाआधी अंग सैल व्हावं एवढ्यापुरता. आधी दुखणं ओसरेल, वेणीपर्यंत हात त्याच्या मागून पोचेल, हेही त्यांनीच सांगितलं, आणि तसंच झालं. एवढं एका परिच्छेदात छापलं असतं तरी मी गप्प बसले असते.

आपल्या लेखकांना कौतुक यंत्रांचं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाला होकार आहे. कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाउंड (तपासणीचा नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार) आणि टेन्स, म्हणजे चकत्या चिकटवून देतात तो करंट, यांना नकार. कंबर वेगळी, खांदा वेगळा, हे मला कळतं. पण तुमच्या कंबरदुखीच्याच चौकटीत पट्ट्याचा फोटो आहे! वर सल्ला, ‘दोन आठवडे पूर्ण विश्रांती’. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या एखाद्या बाईला हे सांगून बघा. आणि साध्या कंबरदुखीत अंथरुण धरू नका, असंच तर आता डॉक्टर सांगतात. पायातला जोर जात असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, ताप येत असेल तर सिटिंग सोडून तातडीनं मोठा दवाखाना गाठावा, ही ओळ हवी होती. त्या जागी लेखकांच्या पदव्या आहेत.

त्याच पानामागे ‘सात दिवसांत गुडघेदुखी गायब’ अशी तेलाची जाहिरात. दहा सिटिंगपेक्षा हे स्वस्त पडेल म्हणा! आणि व्यायामाची चित्रं छापलीत पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्यातली बाई हात वर करतेय की कोणाला टाटा करतेय, ते चष्मा लावूनही कळेना. पुढच्या वेळी तेलाची जागा त्या बाईला द्या.

– एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)