मंत्रिमहोदय, रात्री दोन वाजता तो फोन कुणीच उचलला नाही

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या १७ नोव्हेंबरला, अकाली जन्मलेल्या बाळांच्या जागतिक दिनी, आपण भाषणात शब्द दिला होता. अशी बाळं घरी गेल्यावर आईबापांना रात्रंदिवस फोनवर मदत मिळेल आणि बाळाला दूध घ्यायला शिकवणारे थेरपिस्ट प्रत्येक नवजात विभागात नेमले जातील, असा. मी ते भाषण एनआयसीयूबाहेरच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या, बाकावर बसून मोबाइलवर ऐकलं. आत माझी लेक काचेच्या पेटीत होती. त्या दिवशी मला खरंच धीर आला होता.

परवा रात्री दोन वाजता तिच्या नाकातली, पोटात दूध पोचवणारी नळी निघाली. डिस्चार्ज कार्डावर छापलेला तो नंबर मी ११ वेळा लावला. कुणी उचलला नाही. कॅज्युअल्टीत धावलो, तर म्हणाले, ‘एवढ्या लहान बाळाला नळी घालणारं आत्ता कुणी नाही, सकाळी ओपीडीत या.’ सकाळपर्यंत उपाशी ठेवायचं? बाटली लावून पाहिली. चार घोटांत तिच्या कपाळावर घाम डवरला, नाकपुड्या फुलल्या, ओठांच्या कडा निळसर पडल्या. मी बाटली काढून घेतली. ती रडलीसुद्धा नाही, तेवढं त्राणच नव्हतं.

तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. माझी लेक गरोदरपणाच्या २९व्या आठवड्यात आली, १०८० ग्रॅमची. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तिचे ते आठवडे तोंडानाकात नळ्या घेऊन गेले. आता तोंडाजवळ काही आलं की ती मान फिरवते. त्यात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र. फुप्फुसांकडे जास्तीचं रक्त जातं, धाप लागते. अशा बाळाला किलोमागे दिवसाला १५० कॅलरीपर्यंत लागतात, आणि नेमकं तेच निम्म्या दुधावर दमून झोपतं. डॉक्टर म्हणतात, वजन वाढलं की ऑपरेशन. वजन वाढत नाही ते छिद्रापायी. तीन महिने आम्ही या फेऱ्यात आहोत.

दर ३ तासांनी मी पंपाने दूध काढते. सिरिंजने नळीतून थेंबभर ओढून कागदावर आम्लता तपासते, म्हणजे नळी पोटातच आहे ना ते कळतं, कारण नळी सरकून दूध फुप्फुसात गेलं तर काय होतं ते मला एकदा सांगितलंय आणि ते डोक्यातून जात नाही. मग लघवीचं औषध, ०.३ मिली. मापाची रेघ मी दिव्याखाली धरून दोनदा बघते. ०.३ च्या जागी ३ गेलं तर जबाबदार कोण? मीच. नर्सचं सगळं काम माझ्या गळ्यात घातलंत, शिकवणी मात्र डिस्चार्जच्या दिवशी २० मिनिटांची.

आणि एकटी मीच आहे का? २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली, म्हणजे दहांत एक. हजारात आठ-नऊ बाळं हृदयात दोष घेऊन येतात. तरी तुमच्या कुठल्याच फॉर्मवर ‘दुरुस्त वय’, म्हणजे बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं वय, हा रकानाच नाही! लेक कागदावर ५ महिन्यांची, खरी अडीच. दर वेळी कुणीतरी वजनाच्या तक्त्यावर बोट ठेवून मला विचारतं, ‘खायला घालत नाही का?’ माझी बाळंतपणाची रजा एनआयसीयूच्या बाकावर संपली. लेक घरी आली तेव्हा मला कामावर बोलावणं आलं. हे नियम करणाऱ्यांनी कधी असं बाळ मांडीवर घेतलंय का? यंत्रं आली की तुम्ही फीत कापायला येता. यंत्र चालवणारा माणूस नेमायचा म्हटलं की फाइल टेबलावरून टेबलावर फिरते. बाळाला वाचवायचं आणि घरच्या दारात सोडून द्यायचं, ही कुठली आरोग्यव्यवस्था?

थेरपिस्ट नेमा. आईबापांकडून नळी घालण्याचा सराव करून घ्या, त्याशिवाय बाळाला घरी पाठवू नका. आणि तो नंबर आजच सुरू करा. रात्री दोन वाजता तो कोण उचलणार, त्या माणसाचं नाव मला लेखी कळवा.

एका लेकीची आई