विकीवरचं गणित नीट दिसावं म्हणून मदत हवी आहे: लेटेक प्लगइनसाठी आवाहन

नमस्कार मंडळी,

आपल्या गणित-विज्ञान विकीच्या व्यवस्थापन मंडळाकडून हे आवाहन आहे, जरा लांब झालंय पण शेवटपर्यंत वाचा, कारण या वेळी आम्हाला पैशापेक्षा माणसं जास्त हवी आहेत.

विकीवर लेख भरपूर झाले, पण सूत्रांची अवस्था वाईट आहे. वर्गसमीकरणाच्या उकलीचं सूत्र बघा. आपल्या पानावर ते एका ओळीत टाइप केलेलं आहे, म्हणजे वजा बी, अधिक-उणे, वर्गमूळाचं चिन्ह, कंसात बी वर्ग वजा चार ए सी, आणि शेवटी तिरकी रेघ मारून दोन ए. आता शाळेत शिकवलेल्या कंचेभागुबेवने मुलं हे वाचणार, म्हणजे भागाकार आधी, म्हणजे दोन ए ने फक्त वर्गमूळालाच भागणार आणि वजा बी तसाच राहणार. उत्तर चुकतं आणि मुलाला वाटतं आपल्यालाच गणित येत नाही. ही चूक मुलाची नाही, आपल्या पानाची आहे. दुसरं उदाहरण घातांकाचं. दोनाचा दहावा घात आपण वर छोटा दहा टाकून लिहितो, पानावर ठीक दिसतो, पण तोच मजकूर कॉपी करून साध्या मेसेजमध्ये पेस्ट केला की होतो 210. खरं उत्तर 1024. जे लेख मुलं एकमेकांना पाठवतात त्यात असं होणं आम्हाला सहन होत नाही.

काही लेखकांनी यावर उपाय म्हणून सूत्रांचे फोटो टाकले. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण फोटो मोठा केला की फुटतो, त्यातलं काही शोधता येत नाही, एक चिन्ह बदलायचं तर पूर्ण चित्र नव्याने बनवावं लागतं, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, जे स्क्रीन रीडरवर ऐकून वाचतात, त्यांना तिथे फक्त "चित्र" एवढंच ऐकू येतं. गणिताच्या पानावर सूत्रच ऐकू येत नसेल तर त्या वाचकाला आपण काय दिलं?

म्हणून मंडळाने ठरवलंय की विकीवर लेटेक चालू करायचं, म्हणजे सूत्र साध्या टाइप केलेल्या खुणांनी लिहायचं आणि ते पुस्तकात छापल्यासारखं दिसायचं. डोनाल्ड नूथ यांनी 1978 मध्ये टेक ही टाइपसेटिंगची, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडण्याची, प्रणाली आणली, तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 80च्या दशकात लेटेक उभं केलं, आणि आज जगभरात गणिताचे पेपर त्यातच लिहिले जातात. अपूर्णांक हवा असेल तर बॅकस्लॅश, फ्रॅक, मग एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद. एवढंच. सवय व्हायला एक संध्याकाळ पुरते.

आपली विकी डोकुविकी या विकी चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. लेटेकमधली सूत्रं ब्राउझरमध्ये दाखवणारं मॅथजॅक्स नावाचं साधन आहे, त्याचं डोकुविकीसाठी तयार प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, मिळतं. ॲडमिनमध्ये एक्स्टेंशन मॅनेजर उघडायचा, शोधायचं, इन्स्टॉल करायचं. सूत्र मांडण्याचं काम वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होतं त्यामुळे आपल्या सर्व्हरवर फारसा ताण येत नाही, आणि म्हणूनच म्हटलं की पैसा हा मुख्य प्रश्न नाही. मॅथजॅक्सच्या फाइल बाहेरच्या सर्व्हरवरून न घेता आपल्याच जागेत ठेवाव्यात असं आमचं मत आहे. 2017 मध्ये मॅथजॅक्सचा स्वतःचा सीडीएन, म्हणजे सगळ्यांना या फाइल पुरवणारी सर्व्हरची सोय, बंद झाला तेव्हा अनेक साइट्सना पत्ते बदलावे लागले होते, ती वेळ आपल्यावर नको. त्या जागेसाठी आणि बॅकअपसाठी कोणी यथाशक्ती वर्गणी दिली तर आनंदाने घेऊ, हिशोब विकीच्याच पानावर उघडा ठेवू.

खरं काम पुढे आहे. प्लगइन लावल्याने जुनी सूत्रं आपोआप सुधारत नाहीत, प्रत्येक सूत्र कोणीतरी हाताने लेटेकमध्ये लिहायला हवं. आणि ते करताना लक्ष ठेवायला लागतं. डोकुविकीत दोन बॅकस्लॅश म्हणजे नवी ओळ, दोन अंडरस्कोर म्हणजे अधोरेखित, आणि लेटेकमध्ये तेच दोन बॅकस्लॅश मॅट्रिक्सची ओळ संपवतात. प्लगइन सूत्राच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांमधला मजकूर सांभाळतं, पण खूण बंद करायची राहिली की गोंधळ सुरू. सूत्राची खूण म्हणून डॉलरचं चिन्ह वापरतात, पण अर्थशास्त्राच्या पानांवर तेच चिन्ह किमतीसाठी येतं, तिथे दोन किमतींच्या मधलं आख्खं वाक्यच सूत्र समजलं जाऊ शकतं, त्यामुळे ती पानं आधी तपासायची आहेत. आणि आपल्या भाषेची एक खास अडचण: वेग, अंतर, वेळ असे देवनागरी शब्द सूत्रात सरळ टाकले की लेटेक प्रत्येक अक्षर सुटं धरतं, मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात. ते शब्द टेक्स्ट कमांडच्या महिरपी कंसात ठेवायचे, आणि तरीही दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर बघून घ्यायचे.

तर कोण हवंय? सगळ्यात आधी असं कोणीतरी ज्याने सर्व्हर हाताळलाय, जे विकीची एक वेगळी प्रत काढून त्यावर प्लगइन तपासून देईल, चालू विकीवर थेट प्रयोग आम्ही करणार नाही. डोकुविकीची पानं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात, डेटाबेस नसतो, त्यामुळे प्रत काढणं अवघड नाही. मग सूत्रं टाइप करणारे, जितके मिळतील तितके कमीच, विद्यार्थी असाल तरी चालेल, लेटेक येत नसेल तर आम्ही शिकवू. गणिताच्या शिक्षकांना मात्र हात जोडून विनंती की टाइप करू नका हवं तर, पण झालेली पानं तपासून द्या, कारण टाइप करणाऱ्याच्या नजरेतून एखादं वजा चिन्ह सुटतं आणि ते पकडायला गणित येणारा माणूसच लागतो. जुने, स्वस्त फोन वापरणाऱ्यांनी पानं उघडून सूत्रं यायला किती वेळ लागतो ते कळवा, तीही मोठी मदत आहे. आणि स्क्रीन रीडर वापरणारे कोणी वाचक असतील तर तुमचं मत आम्हाला सगळ्यात आधी हवंय, कारण सूत्र ऐकायला नीट लागतं की नाही हे आम्ही बघून सांगू शकत नाही.

काम बीजगणितापासून सुरू करतोय, मग भूमिती, मग भौतिकशास्त्र. विकीच्या मदत पानावर आपलं नाव आणि कोणतं पान घेताय ते लिहा, म्हणजे एकाच पानावर दोघं बसणार नाहीत. एकच पान जमणार असेल तर एकच घ्या, पण घेतलेलं पूर्ण करा, आणि जुनं चित्र लगेच डिलीट करू नका, शिक्षकांनी तपासून झाल्यावर ते आम्ही काढू.

— विकी व्यवस्थापन मंडळ