तीन टिंबं

पुणे, १० जून

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. वाचायला घेतलं आणि सवयीनं हातात लाल पेन आलं. मुद्रितशोधकाचं हे दुखणंच, रागावू नकोस. दोन पानांत एकोणीस ठिकाणी तीन-तीन टिंबं! हो, मोजली.

तशी ही सगळी चिन्हं आपल्याकडे उपरीच. जुन्या मोडी लिपीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. शब्दाशब्दांत फट नाही, स्वल्पविराम नाही. वाचणाऱ्यानं आपल्या श्वासानं तोडून घ्यावं. इंग्रज कोशकार मेजर कँडीनं १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली आणि पुढे या शेपट्या छापखान्यात रुळल्या. हिंदीनं आपला उभा दंड राखला, आपण टिंब घेतलं. पण ‘संपलं’ म्हणून सांगायची सोय आधीही होतीच की! शिवाजी महाराजांच्या पत्राखाली ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का असे. त्यापुढे कुणी ओळ घुसडायची नाही. पूर्णविराम म्हणावा तर तो.

माझा जीव मात्र अर्धविरामावर, तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात एका संपादकानं माझ्या लेखातले झाडून सगळे अर्धविराम उडवले. रात्री तणतणत पत्र लिहिलं, सात उद्गारचिन्हं. बायको म्हणाली, “सकाळी टाका.” सकाळी चार खोडली, संध्याकाळी उरलेली तीन, मग पत्रात काही राहिलंच नाही. रागाचं पत्र रात्रभर उशाशी ठेवावं हे पटलं. घोटाळा असा झाला, की मी सगळंच उशाशी ठेवायला लागलो. आत्याला फोन करायचा, उद्या. तुझ्याकडे यायचं, उद्या. राग ठेवला की निवतो, माया ठेवली की विरजते.

म्हणून काल तुझी जुनी पत्रं काढली. २०१९ मध्ये लिहितोस, “दापोलीला जाऊन वडिलांच्या जागेत कलमं लावणार!” दोन वर्षांनी, “लावायची आहेत, बघू.” आणि परवाच्या पत्रात, “कलमं लावावीत असं वाटतं...” अरे, तीच कलमं, आणि चिन्ह बघ कसं ढेपाळत गेलंय! तेव्हा लावली असतीस तर एव्हाना मोहोर आला असता. जागा नको असेल तर तसं लिही, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण नको असती तर सहा वर्षं लिहीत बसला असतास का?

पाऊस तोंडावर आहे, लावणीचे दिवस आहेत. पुढच्या रविवारी मी स्वारगेटहून पहाटेची एसटी धरतो, तू ठाण्याहून नीघ. दापोलीच्या स्टँडवर भेटू. कलमं तिथल्याच रोपवाटिकेतून घेऊ, दहा पुरेत. कुदळ शेजारी मिळेल, छत्री मात्र आण.

पत्र पुन्हा वाचत नाही. वाचलं तर सुधारत बसेन आणि टपाल चुकेल. कुठे स्वल्पविराम राहिला असेल तर तूच घाल.

तुझा,
लाल पेनवाला