ढगाखालचे शिवार नकाशात ‘निरंक’ धरू नका

महोदय,

अतिवृष्टी झाली की उपग्रहाच्या नकाशांवरून पीकनुकसानीच्या बातम्या येऊ लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला तेव्हाही आल्या. मी शाळेत भूगोल शिकवतो. या नकाशांत जो भाग उपग्रहाला दिसलाच नाही तो कोणता, हे बहुतेक वेळा सांगितलेलेच नसते, याची मला काळजी वाटते.

युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी आपल्यावरून जाते. पण त्यांचा कॅमेरा सूर्यप्रकाशावर चालतो. ढगाखालचे त्याला दिसत नाही. सोयाबीन फुलोऱ्यात येते ते ऐन पावसाळ्यात, आणि तेव्हाच्या प्रतिमा ढगांनी भरलेल्या असतात. संगणकावर ढगाचे पिक्सेल काढून टाकले की तिथे मोजमापच उरत नाही. ही मोकळी जागा कुणी चुकून शून्य धरली तर तालुक्याची हिरवाईची सरासरी उगाच खाली येते. वगळली, तर चार उघड्या गावांवरून सगळ्या तालुक्याचा निकाल लागतो. तिसरा मार्ग म्हणजे आधीच्या तारखेच्या प्रतिमेतून ती जागा भरणे, आणि मला सर्वांत धोक्याचा हाच वाटतो. वीस तारखेला पाण्यात गेलेले शेत पाच तारखेच्या हिरव्या रंगात दिसते. चित्र अखंड असल्याने शंकाही येत नाही.

यंत्र बिघडूनही असे होते. अमेरिकेच्या ‘लँडसॅट-७’मधला एक भाग ३१ मे २००३ रोजी बंद पडला. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतिमेतली सुमारे २२ टक्के जागा काळ्या पट्ट्यांत गेली. पट्टे मधोमध जवळपास नाहीत, कडांकडे रुंद होत जातात. तरीही शास्त्रज्ञांनी पुढे वर्षानुवर्षे त्या प्रतिमा वापरल्या, कारण कुठले मोजमाप गहाळ आहे ते लपवलेले नव्हते.

रडार ढगांतून पाहते, हे खरे. साचलेले पाणी त्यात काळे दिसते. पण उपग्रह वरून जाईपर्यंत पाणी ओसरले तर ते निसटते, आणि सह्याद्रीच्या उतारांआड रडारच्या लहरी पोहोचत नाहीत (याला रडारची सावली म्हणतात), त्यामुळे तिथेही जागा कोऱ्या राहतात.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती आहे. असा नकाशा छापताना न दिसलेला भाग वेगळ्या, करड्या रंगात दाखवावा, प्रतिमेची तारीख द्यावी आणि तालुक्याचा किती भाग खरोखर दिसला तेही लिहावे. प्रशासनाकडे मागणी एवढीच, की करड्या भागातल्या गावांना ‘नुकसान नाही’ या रकान्यात टाकू नये. पंचनाम्याला माणूस आधी तिथे पाठवावा.

– एक भूगोल शिक्षक, परभणी