रेल्वेच्या फोटोशेजारी मांजरा नदीचे अठरा किलोमीटरही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पाणीटंचाईच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्यासोबत हमखास एक फोटो येतो, लातूर स्टेशनात उभ्या असलेल्या पाण्याच्या रेल्वेचा. फोटो खरा आहे. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं, तेव्हा मी लातुरातच होते. पुढे त्या गाडीच्या शंभरावर फेऱ्या झाल्या. मिरजकरांचे ते उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण इतकी वर्षं उलटली तरी लातूरचं नाव निघालं की लोकांना तेवढा एकच फोटो आठवतो, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

लातुरात मी बावीस वर्षं विद्यार्थ्यांची मेस चालवली. दहावी झाली की नांदेड, बीड, परभणी, हिंगोलीकडची मुलं ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी इथं येतात, खोल्या करून राहतात आणि दोन वर्षं परक्या घरचं जेवतात. त्या साली माझ्याकडे बासष्ट मुलं होती. बासष्ट माणसांचा स्वयंपाक म्हणजे आधी पाण्याचा हिशेब. नळ बंद पडल्यावर तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला आणि ते विसळलेलं पाणी संडासाला, असं चालू होतं. फेब्रुवारीत ताटं बंद केली, गोलाईच्या बाजारातून पत्रावळ्या आणल्या. वरण बंद करून पिठलं-भाकरी सुरू केली, कारण वरणाचं पातेलं घासायला पाणी जास्त लागतं. एकही मूल कुरकुरलं नाही. चाकूरकडचा एक मुलगा दर रविवारी गावाकडून येताना एसटीत पाच लिटरचा कॅन मांडीवर घेऊन यायचा आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून जायचा.

मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १४४ कलम पाण्यासाठी लावलं, हे देशभर छापून आलं. आमच्या गल्लीत काय चाललं होतं, ते मात्र कुठं आलं नाही. समोरच्या आपांच्या बोअरला रात्री तीनच्या सुमारास जेमतेम अर्धा तास पाणी यायचं. ते त्यांच्या घरालाच कसंबसं पुरलं असतं. पण आपांनी नळी दाराबाहेर काढली आणि भिंतीवर खडूनं अकरा घरांची यादी लिहिली. रोज चार घरांची पाळी, घरटी दोन घागरी. पाळी झाली की नावापुढे फुली. बाळंतीण असलेल्या घराला एक घागर जादा, आणि ती यादीत लिहिलेलीच नव्हती, सगळ्यांना ठाऊक होती. आपा स्वतःचं नाव शेवटी लिहायच्या. दोनदा त्यांच्या पाळीला नळी कोरडी पडली, तेव्हा शेजारच्या काकूंनी आपली घागर उचलून त्यांच्या उंबऱ्यात ठेवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हाही लातूरकर असेच भाकरी बांधून धावले होते. मी तेव्हा नवी नवरी होते, आमच्या घरातून तीन दिवस भाकऱ्यांची टोपली जात होती. माणसं तीच आहेत.

मी मात्र टिकले नाही. एका टँकरवाल्यानं आगाऊ पैसे घेतले आणि आलाच नाही. मेमध्ये मेस बंद केली आणि पावसाच्या आधी लेकीकडे पुण्याला आले. कात्रजला नळ सोडला की पाणी यायचं आणि मला भिंतीवरची यादी दिसायची. पुढे माझी पाळी कुणाला दिली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी गेले त्या उन्हाळ्यात लातूरकर काय करत होते, ते मला नंतर नीट कळलं. ‘जलयुक्त लातूर’ म्हणून लोक एकत्र आले, वर्गणी काढली आणि मांजरा नदीचं साई ते नागझरी असं अठरा किलोमीटर पात्र रुंद-खोल करायला घेतलं. डॉक्टर, व्यापारी, मास्तर, विद्यार्थी, सगळ्यांनी ऐपतीप्रमाणे दिलं. एकीकडे मिरजेहून गाडी येत होती आणि दुसरीकडे रखरखीत उन्हात पोकलेन गाळ उपसत होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरेला पाणी आलं. पाऊस देवाचा, पण ते पाणी थांबायला जागा लोकांनी केली होती.

यंदा महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी गेले होते. सकाळी रिक्षानं जाताना रस्त्याच्या कडेला दहा-पंधरा जण झाडांना पाणी घालताना दिसले. ‘ग्रीन लातूर वृक्ष’ टीमची माणसं. २०१९ पासून हे काम चालू आहे. ज्या जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, तिथं कडुनिंब, करंज, बहावा अशी झाडं लावून ती जगवायची, हे सोपं नाही. मी उतरून बघत उभी राहिले, तर एक मुलगी म्हणाली, “मावशी, नुसतं काय बघायलाव? घ्या ही बादली.” चार झाडांना पाणी घातलं. आळ्यातली माती पाणी पिताना बारीक आवाज येतो, तो कितीतरी वर्षांनी ऐकला.

मग गल्लीत गेले. भिंत आता पिस्ता रंगाची आहे, खडूची यादी नाही. पण आपांच्या गच्चीवरून चार इंची पाईप खाली आलाय. खाली निळा ड्रम, त्यात तळाशी मोठी खडी, वर बारीक खडी, कोळसा आणि वाळू. पावसाचं पाणी त्यातून गाळून थेट बोअरमध्ये जातं. पहिल्या पावसाचं पाणी गच्ची धुवून निघतं म्हणून ते बाजूच्या तोटीनं बाहेर सोडायचं, हे आपांच्या नातवानं मला तोटी फिरवून दाखवलं. अकराही घरांनी गच्च्या जोडल्यात, खर्च वाटून घेतलाय. नळाला पाणी अजूनही रोज येत नाही, ही तक्रार सगळे करतात आणि ती रास्त आहे, महापालिकेनं ती ऐकावी. पण बोअर भर उन्हाळ्यात चालतो. परवाच आपांचा फोन होता, चालू आहे म्हणाल्या.

धीर करून मी विचारलं, “माझी पाळी कुणाला दिली होती?” त्या म्हणाल्या, “कुणाला नाही. तुमचं नाव पुसलंच नाही. तुमच्या घागरी मेसच्या पोरांना देत होतो, परीक्षा होईपर्यंत.”

संपादक महाराज, माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या उन्हाळ्यात तो रेल्वेचा फोटो जरूर छापा, पण त्याच्या शेजारी साई-नागझरीचं पात्रही छापा. वाचकांनी दोन्ही बघावं. मृगाच्या आधी ड्रममधली खडी उपसून धुवायची असते, आपांनी मला त्यासाठी बोलावलंय. तिकीट काढून ठेवलं आहे.

आपली नम्र,
एक लातूरकर मेसवाली मावशी
(सध्या मुक्काम कात्रज, पुणे)